कव्हर्ड वॉरंट : कवच बँकेचे, जोखीम बचतदाराची

वॉरंट म्हटले की आपल्या चळवळीतील कार्यकर्त्याला प्रथम आठवतो तो पोलिसांचा कागद. शेअर बाजाराच्या भाषेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ठराविक मुदतीत, आधी ठरलेल्या भावाने, एखादा शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारा कागद म्हणजे वॉरंट. या कागदाचा ‘कव्हर्ड वॉरंट’ नावाचा प्रकार हाँगकाँग, जर्मनी, इटली अशा देशांच्या बाजारांत सामान्य बचतदाराला किरकोळीने विकला जातो. लंडनच्या शेअर बाजाराने २००२ साली त्याला आपले दार उघडले. भारतातील शेअर बाजारांवर बँकांनी काढलेले असे वॉरंट विकले जात नाहीत. मग त्यांचा विचार आपण का करावयाचा, असा प्रश्न काही कॉम्रेड विचारतील. उत्तर सरळ आहे. हा कागद ज्या यंत्रणेतून निघतो ती यंत्रणा वेगळ्या नावांनी आपल्या देशातही कामाला लागलेली आहे, आणि तिच्यात सापडलेल्यांत कष्टकरी व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांतील तरुणांची संख्या मोठी आहे.

या विषयासंबंधी आपल्यात दोन चुकीच्या समजुती आढळतात. पहिली अशी की, हा सारा जुगार आहे. त्याचा निषेध केला की आपले काम संपले. दुसरी अशी की, ही तज्ज्ञांची गणिते आहेत. कामगार चळवळीला त्यांत लक्ष घालण्याचे कारण नाही. पहिल्या समजुतीमुळे निषेध होतो पण समज येत नाही. दुसरीमुळे समजही येत नाही आणि निषेधही होत नाही. दोन्हींचा फायदा एकाच वर्गाला होतो. म्हणून ही यंत्रणा तिच्या आकड्यांसह समजावून घेणे आवश्यक आहे.

कागद कोण काढतो?

कंपनीने स्वतः काढलेले वॉरंट आपल्याकडे जुने आहेत. कंपनीचे प्रवर्तक आज पाव रक्कम भरतात आणि अठरा महिन्यांच्या आत उरलेली रक्कम देऊन नवे शेअर पदरात पाडून घेतात. त्या व्यवहारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि, त्यात निदान पैसा कंपनीकडे जातो आणि नवे शेअर जन्माला येतात.

कव्हर्ड वॉरंटमध्ये यातले काहीच घडत नाही. तो काढते एखादी बँक किंवा वित्तसंस्था, आणि काढते ती दुसऱ्याच कंपनीच्या शेअरवर. त्या कंपनीची संमती लागत नाही, तिला एक पैसाही मिळत नाही. नवा शेअर निघत नाही, कारखान्यात एक यंत्रही वाढत नाही. मुदत संपल्यावर बहुधा शेअरही हातात पडत नाही. भावातील फरक रोखीने दिला जातो. भाव चढेल असे मानणाऱ्यासाठी ‘कॉल’ वॉरंट असतो, उतरेल असे मानणाऱ्यासाठी ‘पुट’. शेअर, निर्देशांक, परकीय चलन, सोने, तेल – कशावरही तो काढता येतो. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ज्याला काल्पनिक भांडवल म्हटले, त्यात शेअर मोडतो. कारण तो प्रत्यक्ष यंत्रसामग्री नसून भावी नफ्यावरील हक्काचा कागद आहे. कव्हर्ड वॉरंट हा त्या कागदाच्या भावावर काढलेला दुसरा कागद होय.

एक साधे गणित

समजा, एका कंपनीच्या शेअरचा भाव आज १०० रुपये आहे. एका बँकेने त्यावर सहा महिन्यांचा कॉल वॉरंट काढला. ठरलेला भाव १०० रुपये, दहा वॉरंट मिळून एक शेअर, आणि एका वॉरंटची किंमत १ रुपया. म्हणजे शंभराच्या शेअरवरील हक्कासाठी खरेदीदार १० रुपये मोजतो. जाहिरात त्याला सांगते, ‘थोड्या भांडवलात मोठा लाभ, तोटा फार तर गुंतवलेल्या रकमेएवढाच!’

सहा महिन्यांनी शेअर १२० वर गेला तर दहा वॉरंटांचे २० रुपये येतील. पैसे दुप्पट झाले. जाहिरातीत असते ते हेच उदाहरण. पण शेअर १०५ वर गेला तर? खरेदीदाराचा अंदाज बरोबर ठरला, भाव चढला. तरीही त्याच्या हाती येतात ५ रुपये. अंदाज खरा ठरूनही निम्मी रक्कम बुडाली! शेअर ११० च्या पुढे गेल्याखेरीज त्याला एक पैसाही नफा नाही. आणि भाव १०० वर राहिला किंवा त्याखाली गेला तर सारेच पैसे जातात. ज्याने शंभर रुपये देऊन शेअरच घेतला असेल, त्याच्याकडे भाव ९५ झाला तरी ९५ रुपयांची वस्तू उरते, आणि तो वाट पाहू शकतो. वॉरंटवाल्याला वाट पाहण्याची मुभा नाही. मुदत संपली की कागद मेला.

मुदत संपेपर्यंतही तो स्वस्थ बसू शकत नाही, कारण रोजचा दिवस त्या कागदाची किंमत खातो. वरच्याच उदाहरणात एक महिना गेला आणि शेअर शंभरावरच राहिला, तर बाकी काही न बदलता १ रुपयाच्या वॉरंटची किंमत सुमारे ९० पैशांवर येते. हा क्षय मुदतीच्या अखेरीस अधिकाधिक वेगाने होतो. स्वस्त दिसतात म्हणून नवखे लोक अखेरचे वॉरंट घेतात. म्हणजे नेमके तेच, ज्यांत क्षय सर्वात जलद असतो.

‘कव्हर्ड’ म्हणजे काय?

आता बँकेची बाजू पाहू. समजा तिने असे एक कोटी वॉरंट विकले. म्हणजे दहा लाख शेअरांवरील हक्क विकून एक कोटी रुपये घेतले. शेअर चढला तर तिला देणे द्यावे लागेल. म्हणून ती बाजारातून त्याच कंपनीचे शेअर घेऊन ठेवते. सर्व दहा लाख नव्हेत. आरंभी सुमारे साडेपाच लाख. भाव चढू लागला की ती आणखी घेते, उतरू लागला की विकते. या नित्याच्या समतोलाला ‘हेजिंग’ म्हणतात, आणि त्या नावावरूनच ‘कव्हर्ड’ हे विशेषण आलेले आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. भाव चढणार की उतरणार याच्याशी बँकेला जवळजवळ कर्तव्यच नसते. खरेदीदार दिशेवर पैज लावतो; बँक पैज लावत नाही. तिचा सारा प्रश्न एवढाच असतो की, हेजिंगला जो खर्च येईल त्यापेक्षा अधिक किंमत वॉरंट विकताना वसूल झाली की नाही. भाव किती हेलकावे खाईल यावर तो खर्च ठरतो. शेअरच्या नेहमीच्या हेलकाव्यांप्रमाणे खर्च ८ रुपये येणार असेल आणि बँकेने १० रुपये घेतले असतील, तर दर शेअरमागे २ रुपये, म्हणजे दहा लाख शेअरांमागे २० लाख रुपये तिच्या पदरात पडण्याचा मार्ग मोकळा झाला. सामान्य खरेदीदाराला हा हिशेब करता येत नाही. त्याला दिसतो तो फक्त ‘एक रुपया’.

म्हणून ‘कव्हर्ड’ या शब्दातील कवच खरेदीदाराचे नाही. ते बँकेचे आहे, आणि त्याची किंमत खरेदीदाराने भरलेली आहे.

भाव सांगणाराही तोच

साधारण शेअर बाजारात विकणारे अनेक आणि घेणारेही अनेक असतात. वॉरंटच्या बाजारात कागद काढणारी बँकच रोजचे खरेदी-विक्रीचे भाव देते. सामान्य माणूस वॉरंट विकत घेऊ शकतो, घेतलेला परत विकू शकतो. पण आपण होऊन नवा वॉरंट काढू शकत नाही. किंमत फुगली आहे असे दिसले तरी तिच्याविरुद्ध व्यवहार करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. विकण्याचा मूळ हक्क एकाच बाजूला राखून ठेवलेला आहे.

परिणाम काय होतो? विकताना बँकेने हेलकाव्यांचा अंदाज चढा धरला आणि महिन्याभराने तो खाली आणला, तर शेअर शंभरावरच असताना वरच्या उदाहरणातील वॉरंट ९० नव्हे, सुमारे ७२ पैशांवर येतो. शेअरचा भाव हललेला नाही, बातमी आलेली नाही. तरी चौथ्या हिश्श्याहून अधिक पैसा गेला. शिवाय खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतील अंतर प्रत्येक फेरीला कापले जाते ते वेगळेच.

हाँगकाँग हा या व्यवहाराचा जगातील सर्वात मोठ्या बाजारांपैकी एक. तेथील रोखे नियामकाला २००५ साली या बाजारावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला आणि व्यवहार वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या दलालीच्या परताव्यासारख्या प्रलोभनांना आवर घालावा लागला. त्यातून धडा घेऊन व्यवहार मंदावले असे मात्र झाले नाही. २००६ साली तेथे आणखी एक प्रकार आला. त्यात भाव एका ठराविक रेषेला शिवला की कागद त्याच क्षणी रद्द होतो. तासाभराने भाव सावरला तरी तो परत जिवंत होत नाही.

नाव राहिले, तारण गेले

हाँगकाँगमध्ये आरंभीच्या काळात अशा वॉरंटमागे खरोखरचे शेअर विश्वस्ताकडे तारण म्हणून ठेवले जात. पुढे विनातारण वॉरंटांनी ती जागा घेतली. आज बँकेने हेजिंगसाठी शेअर घेतले तरी ते तिच्या मालकीचे असतात; वॉरंटधारकाचा त्यांवर हक्क नसतो. बँक बुडाली तर तो तिच्या विनातारण धनकोंच्या रांगेत उभा राहतो.

ही भीती काल्पनिक नाही. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली. तिच्या नेदरलँड्समधील उपकंपनीने काढलेली आणि मूळ कंपनीने हमी दिलेली सर्टिफिकेटे जर्मनीत हजारो सामान्य बचतदारांना विकलेली होती. त्यांत निवृत्त वृद्धांचा भरणा होता. काहींच्या तर नावातच ‘हमी’ हा शब्द होता. परंतु हमी देणारा आणि बुडणारा एकच होता. हाँगकाँगमध्ये लेहमनशी निगडित ‘मिनिबाँड’ बँकांच्या शाखांतून विकले गेले होते. ते वॉरंट नव्हते, पण काउंटरवर बसलेल्या माणसाने विश्वासाने घेतलेला गुंतागुंतीचा कागद या नात्याने प्रकरण एकच. तेथे फसलेले ठेवीदार रस्त्यावर उतरले, बँकांच्या दारांत निदर्शने झाली. २००९ च्या जुलैत सोळा बँकांना ते कागद मूळ रकमेच्या ६० टक्क्यांनी, आणि ६५ वर्षे व त्यावरील वयाच्यांकडून ७० टक्क्यांनी, परत घेण्याचे मान्य करावे लागले. जे मिळाले ते करारातील बारीक अक्षरांनी मिळवून दिलेले नाही. संघटित दबावामुळे मिळाले.

समर्थकांचे युक्तिवाद

या साधनांच्या पुरस्कर्त्यांचे तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात.

पहिला : तोटा मर्यादित असतो. खरे आहे, घातले तेवढेच जाते. पण सर्वच जाणे ही मर्यादा अपवादाची नसून नित्याची असेल, तर तिचा दिलासा कसला? पुन्हा, मर्यादा एका कागदाला असते. बुडालेले भरून काढण्यासाठी माणूस दुसरा, तिसरा, दहावा कागद घेतो, त्याला मर्यादा नसते.

दुसरा : हा एक प्रकारचा विमा आहे. ज्याच्यापाशी शेअर आहेत त्याने भाव पडण्याविरुद्ध पुट वॉरंट घेतला तर तो विमा होय, हे मान्यच केले पाहिजे. वायदे आणि हक्कांचे व्यवहार यांचा असा उपयोग शक्य आहे. पण ज्याला घरच नाही त्याला आगीचा विमा शंभरदा विकणे याला विमा म्हणत नाहीत. मूळ शेअर जवळ नसलेल्या, आठवड्याभरात कागद फिरवू पाहणाऱ्या माणसाला ही साधने विकली जातात, तेव्हा विम्याचे नाव केवळ पडद्यासाठी उरते.

तिसरा : यामुळे बाजाराचे लोकशाहीकरण होते, जे पूर्वी धनिकांनाच शक्य होते ते आता सामान्यालाही शक्य झाले. यावर विचारले पाहिजे की, सामान्याला नेमकी कोणती बाजू खुली झाली? कागद काढण्याची, भाव देण्याची, हेलकाव्यांची किंमत ठरवण्याची बाजू खुली झालेली नाही. खुली झाली ती फक्त खरेदीची खिडकी. ब्रिटनमध्ये शेअर घेणाऱ्याला अर्धा टक्का मुद्रांक कर भरावा लागतो. कव्हर्ड वॉरंट घेणाऱ्याला लागत नाही. म्हणजे मालकीवर कर आणि पैजेला सूट! ज्याला लोकशाही म्हणतात ती अशी.

आपल्या देशात

मुंबईच्या बाजाराला ही कल्पना नवी नाही. भाव चढण्याच्या वा उतरण्याच्या हक्काचे सौदे येथे ‘तेजी’ आणि ‘मंदी’ या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत. १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याच्या २० व्या कलमाने रोख्यांतील असे सौदे बेकायदा ठरवले. आर्थिक उदारीकरणाच्या लाटेत १९९५ साली ते कलम काढून टाकण्यात आले. २००० च्या जूनमध्ये निर्देशांकाचे वायदे, २००१ च्या जूनमध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले. जे एकेकाळी गुन्हा होते ते ‘सुधारणा’ म्हणून परत आले.

कव्हर्ड वॉरंटचे सर्वात जवळचे भावंड मात्र आणखी एका वाटेने आले. ते म्हणजे पार्टिसिपेटरी नोट. सेबीकडे नोंदलेली परदेशी वित्तसंस्था मुंबईत भारतीय कंपन्यांचे शेअर घेते आणि त्यांच्या भावावर आधारलेला कागद परदेशात तिसऱ्याला विकते. तारणाचा शेअर येथे, कागद तेथे; खऱ्या लाभार्थ्याचे नाव भारतीय कंपनीच्या नोंदवहीत नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये अशा कागदांचे मूल्य सुमारे साडेतीन लाख कोटी रुपये, म्हणजे परदेशी वित्तसंस्थांच्या येथील एकूण मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक होते. त्या ऑक्टोबरात सेबीने त्यांवर निर्बंधांचा प्रस्ताव मांडताच १७ तारखेस सेन्सेक्स सतराशेहून अधिक अंकांनी कोसळला आणि व्यवहार तासभर थांबवावे लागले. निर्बंध आले खरे. पण जागतिक आर्थिक संकटात भांडवल देशाबाहेर जाऊ लागले तेव्हा, २००८ च्या ऑक्टोबरात, ते मागे घेण्यात आले. नियम पुढे पुन्हा कडक झाले. तथापि, देशाचे धोरण कोण वाकवू शकते हे त्या एका वर्षात स्पष्ट झाले.

आणि सामान्यांचे काय झाले? येथे आपल्याला आपले शब्द वापरण्याचीही गरज नाही. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि सर्व व्यक्तींचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये या व्यक्तींपैकी पाऊणहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितलेले होते. ४३ टक्के तिशीच्या आतले होते. त्याच वर्षी स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या दलाल-संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी वित्तसंस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये खर्चापूर्वीचा नफा कमावला, आणि त्यातील ९६-९७ टक्के संगणकाने आपोआप होणाऱ्या सौद्यांतून आला. २०२४-२५ मध्ये व्यक्तींचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला. हा नफा आकाशातून पडलेला नाही. या व्यवहारांत संपत्ती निर्माण होत नाही. एकाचे जाते तेच दुसऱ्याकडे येते.

‘हा केवळ जुगार आहे’ ही समजूत अपुरी का, हेही येथे दिसते. जुगारात फासा टाकणाऱ्याला फाशाचे वजन बदलता येत नाही, निदान येऊ नये. येथे मोठा खेळाडू मूळ शेअरचा भावही हलवू शकतो. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने अमेरिकेतील जेन स्ट्रीट या संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ४,८४४ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. सकाळी बँकांचे शेअर घेऊन निर्देशांक चढवायचा, ऑप्शनमध्ये त्याच्या कित्येक पटीने उलटी बाजू धरायची, आणि मग शेअर विकून निर्देशांक पाडायचा, असा सेबीचा आरोप आहे. संस्थेने तो नाकारला असून अपील प्राधिकरणाकडे दाद मागितली आहे. निकाल काहीही लागो. असे करण्याची आर्थिक ताकद कोणाजवळ आहे आणि कोणाजवळ नाही, याविषयी वाद असू शकत नाही.

आपण काय मागावयाचे?

नुसती बंदीची घोषणा पुरेशी नाही. मुदत ठेवीचा व्याजदर महागाईपुढे टिकत नसेल, शिकलेल्या तरुणाला कायम नोकरी मिळत नसेल, आणि हातातल्या फोनवर दर मिनिटाला झटपट श्रीमंतीचे आमिष येत असेल, तर तो कोणत्या ना कोणत्या खिडकीशी जाणारच. खिडकी बंद करण्याबरोबर बचतीला सुरक्षित आणि वाजवी जागा मागितली पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. बँकांनी काढलेले कव्हर्ड वॉरंट किंवा तत्सम कागद भारतात किरकोळ विक्रीस आणण्याचा प्रस्ताव कोणत्याही नावाने पुढे आला तर त्यास विरोध करावा. पूर्ण तारण स्वतंत्र विश्वस्ताकडे असल्याखेरीज त्याचा विचारही होऊ नये. साप्ताहिक मुदतीचे ऑप्शन बंद करावेत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकावर ते चालवण्याची मर्यादा घातली गेली, पण पुढच्याच वर्षाच्या तोट्याचा आकडा ती अपुरी असल्याचे सांगतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या कागदांच्या अंतिम लाभार्थ्यांची नावे जाहीर व्हावीत. कोणत्या गटाने किती कमावले व किती गमावले, याचा हिशेब सेबीने दर वर्षी प्रसिद्ध करावा. बँक कर्मचाऱ्यांवर असे कागद खपवण्याची उद्दिष्टे लादली जाऊ नयेत. बँक व विमा क्षेत्रातील आपल्या संघटनांनी हा प्रश्न पगारवाढीच्या मागणीइतकाच आपला मानला पाहिजे, कारण ग्राहकाचा राग शेवटी काउंटरवरच्या कारकुनावर निघतो.

आपले वाचक मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील शाखांतही काम करतात. तेथील प्रत्येक अभ्यासवर्गात शंभर रुपयांच्या शेअरचे आणि एक रुपयाच्या वॉरंटचे वरील गणित फळ्यावर मांडावे. विशेषतः ज्या घरांतील तरुण या सौद्यांत उतरले आहेत त्यांना बोलवावे. उपदेश करण्यासाठी नव्हे, त्यांचा हिशेब त्यांच्याच खात्याच्या उताऱ्यावरून त्यांच्याबरोबर बसून करण्यासाठी. आपले पैसे नशिबाने गेले नाहीत, कोणत्या रचनेने कोणाकडे गेले, हे ज्याला कळले तोच पुढे या मागण्यांसाठी उभा राहील.